दहाने भागल्यावर

हिशोब शाळकरी आहे. हॉकर हरिकेन या लढाऊ विमानाचे पंख एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ४० फूट. दहाने भागले की ४ फूट. नाकापासून शेपटीपर्यंतची लांबी ३२ फुटांच्या आसपास. दहाने भागली की सव्वातीन फुटांत मावते. सहा फुटी वैमानिक सात इंचांचा होतो. चाकं, काचेची घुमटी, पंखातून पुढे आलेल्या तोफांच्या नळ्या, सगळं मुकाट्याने भागून घेतं. टेबलावर नकाशा पसरावा, त्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरावं आणि वाटावं, आता फक्त कापायचं आणि चिकटवायचं बाकी आहे.

मग क्षेत्रफळ आडवं येतं. लांबी दहापट घटली की पंखाचं क्षेत्रफळ शंभरपट घटतं आणि आकारमान हजारपट. भरलेल्या टाक्या आणि दारूगोळा धरून खरं हरिकेन साडेतीन टनांच्या घरात जायचं. हजाराने भागा, साडेतीन किलो. असं मॉडेल उडेल, नाही असं नाही. पण उतरताना त्याला ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटरच्या खाली येता येणार नाही, आणि माळावर आडवा आलेला पहिला दगड त्याचा शेवटचा ठरेल. म्हणून ते दीड किलोच्या आत बसवायचं. आकार तंतोतंत, वजन मात्र निम्म्याहून कमी. कारण आपण विमान लहान केलं, हवा लहान केलेली नाही. गुरुत्वाकर्षणालाही कुणी दहाने भागलेलं नाही. या दोघांना तुमच्या फूटपट्टीशी काही देणंघेणं नसतं.

म्हणूनच आकाशातलं मॉडेल सतत घाईत असल्यासारखं दिसतं. खऱ्या विमानाची संथ, भारदस्त कूस त्याला बदलता येत नाही. त्याचं प्रत्येक हिंदकळणं सुमारे तिपटीने भरभर उरकतं. दहाचं वर्गमूळ काढलं की या घाईचं माप हातात येतं. भव्यपणा हा वेळेचा मामला आहे, हे मला पुस्तकातून कधी कळलं नव्हतं. ते या चार फुटी पंखांनी शिकवलं.

महाविद्यालयात असताना एनसीसीच्या हवाई शाखेत विमानांची मॉडेलं बनवायला शिकलो. तिथले सर आता निवृत्त आहेत, पण त्यांचा वजनकाटा निवृत्त झालेला नाही. "आधी वजन, मग हौस," हे त्यांचं वाक्य आमच्या पिढीच्या कानात बसलंय. बाल्साचं लाकूड निवडायचं ते डोळ्यांनी नाही, काट्याने. ३ मिलिमीटर जाड, १० सेंटिमीटर रुंद, १ मीटर लांब अशा एकाच मापाच्या दोन फळ्या घ्या. एक ३० ग्रॅम भरते, दुसरी ७०. दक्षिण अमेरिकेतलं हे भराभर वाढणारं झाड, आणि एकाच झाडात अशी टोकं. जड फळी पंखाच्या स्पारसाठी, म्हणजे मुख्य दांडीसाठी ठेवायची, कारण सगळा ताण तिथे. हलकी रिब्जना, म्हणजे पंखाच्या फासळ्यांना. सगळ्यात हलकी शेपटीला. तोलबिंदूपासून शेपटी लांब आणि नाक जवळ. त्यामुळे शेपटीत एक ग्रॅम वाढला की नाकात अडीच-तीन ग्रॅम शिसं भरावं लागतं. शेपटीवर केलेल्या उधळपट्टीचं व्याज नाक भरतं.

लोक विचारतात, बनवायचंच होतं तर त्याच काळातलं दुसरं ब्रिटिश लढाऊ विमान, स्पिटफायर, का नाही? स्पिटफायर देखणं, यात वाद नाही. पण हरिकेनकडे मी ओढला गेलो ते त्याच्या पाठीमुळे. सिडनी कॅमने रेखलेलं हे विमान ६ नोव्हेंबर १९३५ रोजी ब्रुकलँड्सला पहिल्यांदा उडालं, तेव्हा जमाना सबंध धातूच्या विमानांकडे वळत होता. हरिकेन मात्र कॉकपिटच्या मागे जुनंच राहिलं: आत पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्याभोवती घेराला आकार देणाऱ्या लाकडी चौकटी, म्हणजे फॉर्मर, फॉर्मरवरून लांबच लांब लाकडी पट्ट्या, आणि त्यावर ताणून डोप, म्हणजे कापड घट्ट आवळणारं रोगण, मारलेलं कापड. गोळी कापडातून आरपार गेली तर ठिगळ लावून विमान पुन्हा वर. १९४०च्या उन्हाळ्यात ब्रिटनच्या आकाशात झालेल्या लढाईत स्पिटफायरपेक्षा हरिकेनच संख्येने जास्त होती, त्याचं एक कारण हे जुनेपण. ज्या हातांनी आधीची विमानं बांधली होती, त्याच हातांना हे बांधता येत होतं. कॅनडात फोर्ट विल्यमच्या कारखान्यात चौदाशेहून अधिक हरिकेन बांधली गेली. तिथली मुख्य अभियंता एल्सी मॅकगिल, पोलिओमुळे काठीच्या आधाराने चालणारी. तिच्या हाताखालच्या कामगारांत बायकांची संख्या मोठी होती.

म्हणून मॉडेल करणाऱ्याला हरिकेनच्या पाठीत खोटं बोलावं लागत नाही. तिथे बाल्साचे फॉर्मर म्हणजे फॉर्मरच, पट्ट्या म्हणजे पट्ट्याच. पोलादी नळ्या तेवढ्या वगळायच्या. पट्ट्या चिकटवून झाल्या की त्यांवर बोट फिरवायचं. फॉर्मर जिथे अर्धा मिलिमीटर वर आलाय तिथे बोट अडखळतं, डोळ्याला ते दिसत नाही. पॉलिश पेपरने तो उंचवटा काढायचा. मग पातळ कागद लावायचा आणि त्यावर पाण्याचा बारीक फवारा. ओला कागद आधी पोटावर सुरकुततो, लोंबतो, सगळं वाया गेल्यासारखं दिसतं. खोलीतला पंखा बंद ठेवून वाट बघायची. वाळता वाळता तो स्वतःला आवळून घेतो, सुरकुत्या एकामागून एक नाहीशा होतात आणि खालच्या पट्ट्या रेघारेघांनी वर येतात. त्यावर डोपचा पहिला हात. आता नखाने टिचकी मारली तर घट्ट, कोरडा आवाज येतो. खऱ्या विमानाची पाठही अशीच ताणलेली होती.

पंखाचं मात्र तसं नाही. तिथे सगळी लबाडी आहे. लहान पंख हळू हवेत लवकर हार मानतो, आणि हार मानायला सुरुवात टोकाकडून झाली तर विमान एका अंगावर कोसळतं. त्यावर उपाय म्हणजे टोकाला पंख किंचित पिळायचा, पुढची कड थोडी खाली आणि मागची कड वर. बाहेरच्या भागाचा सांगाडा नकाशावर टाचण्यांनी रोवताना टोकाकडच्या मागच्या कडेखाली चार मिलिमीटरची पट्टी सरकवायची, मुळाकडे ती शून्यावर आणायची, आणि मग फेव्हिकॉल पूर्ण वाळेपर्यंत टाचण्यांना हात लावायचा नाही. तो पीळ जन्मभर पंखात राहतो. दोन अंशांचा. शेजारी उभं राहून पाहिलं तरी कळत नाही.

तीच गोष्ट मोटरची. खऱ्या हरिकेनचं मर्लिन इंजिन, आणि वैमानिकाच्या बाजूने पाहिलं तर पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरणारा. जोर दिला की विमान डावीकडे ओढ घेतं. मॉडेलचा पंखाही त्याच दिशेने फिरतो आणि तीच खोड काढतो. म्हणून मोटर बसवतानाच ती दोन अंश उजवीकडे वळवून ठेवायची आणि पंख्यावरची टोपी पुन्हा नाकाच्या मध्यावर दिसेल असा जागेत फरक करायचा. धुळीसाठी नाकाखाली जो गाळणीचा फुगीर डबा असे, तो मॉडेलमध्ये पुढून फोडलाय. त्यातून हवा आत जाऊन मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट थंड ठेवते आणि पोटाखालच्या रेडिएटरमधून बाहेर पडते. नकाशाशी प्रामाणिक राहायचं तर असं ठिकठिकाणी अप्रामाणिक व्हावं लागतं. मला या छंदात हेच आवडतं. नक्कल ज्याला उडवायची आहे, त्याला कुठे खोटं बोलायचं हे नेमकं ठाऊक असावं लागतं.

रंगाच्या वेळी मात्र प्रश्न लबाडीचा उरत नाही.

माझं विमान दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवरचं आहे. वरून हिरवा आणि मातकट, खालून राखाडी. पंखांवरची वर्तुळं फक्त निळी: बाहेर गडद निळं, आत फिकट. ब्रिटिश वर्तुळातला लाल ठिपका पूर्वेकडच्या या आघाडीवर काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा होता आणि घाईत नेम धरणाऱ्याला लाल म्हणजे शत्रू एवढंच दिसायचं. १९४४ मध्ये इंफाळला भारतीय हवाई दलाची पहिली स्क्वाड्रन हरिकेन घेऊन होती. काम टेहळणीचं: झाडोऱ्यावरून कमी उंचीने उडायचं, जपानी फौजांच्या वाटा, पूल, छावण्या हेरून परत यायचं. स्क्वाड्रनचे प्रमुख अर्जन सिंग, वय पंचविशीच्या आत-बाहेर. त्यांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला तो याच कामगिरीसाठी. पुढे ते हवाई दलाचे मार्शल झाले.

त्याच लढाईत, मार्च १९४४ मध्ये, इंफाळच्या ईशान्येला सांगशाकच्या टेकडीवर पाचव्या मराठा रेजिमेंटची चौथी बटालियन पॅराशूट ब्रिगेडच्या जोडीने जपान्यांना थोपवून धरत होती. आमच्याकडच्या गावांतली ती पोरं. आणि याच आघाडीवर, जपानी फौजांच्या बाजूने, आझाद हिंद सेनेच्या तुकड्याही होत्या. तीही आपलीच माणसं. हरिकेनच्या काचेतून खाली पाहणाऱ्या भारतीय वैमानिकाला डोंगराच्या एका अंगाला एक भारतीय दिसत असेल आणि दुसऱ्या अंगाला दुसरा. नकाशावर खूण मात्र एकाच बाजूची करायची. ब्रश हातात घेऊन फिकट निळं वर्तुळ भरताना हे सगळं मनात येतं. या वर्तुळात लाल नाही, तसं आपलं म्हणावं असंही काही नाही. साम्राज्याची खूण, तीही एक रंग उणी. तरी आत बसलेला माणूस आपला. मी वर्तुळ पुसून तिथे तिरंगी काढू शकलो असतो. दिसायला छान दिसलं असतं. पण पंखाच्या पिळाबद्दल खोटं बोलणं वेगळं आणि या वर्तुळाबद्दल खोटं बोलणं वेगळं.

दुसरा विचार बॅटरीच्या वेळी आला. तोल साधायला बॅटरी जितकी पुढे तितकी चांगली. माझी बसली मोटरच्या मागच्या भिंतीला टेकून. नकाशावर त्या जागेच्या जरा मागे, वैमानिकाच्या काट्या-तबकड्यांच्या फळीला लागूनच पुढे, खऱ्या विमानात पेट्रोलची राखीव टाकी होती. २८ गॅलनची, म्हणजे सव्वाशे लिटरहून जास्त. ती पेटली की ज्वाळा थेट तोंडावर. अशा होरपळलेल्या वैमानिकांचे चेहरे आणि हात आर्चिबाल्ड मॅकिंडो या शल्यविशारदाने इंग्लंडमध्ये ईस्ट ग्रिनस्टेडच्या इस्पितळात पुन्हा घडवले. त्या रुग्णांनी १९४१ मध्ये आपला एक क्लब काढला आणि त्याचं नाव ठेवलं गिनीपिग क्लब. माझी लिथियम-पॉलिमर बॅटरीही पेटू शकते. म्हणून ती चार्ज करताना आग न लागणाऱ्या पिशवीत ठेवतो आणि खोलीबाहेर जात नाही. ती पेटली तर जळेल बाल्सा. दहाने भागताना मी काय वगळलं, हे या टाकीपाशी कळतं. मॉडेलमध्ये विमानाचं सगळं आहे, फक्त मरण नाही.

आणि हा फरक आपल्याला वाटतो तितका निरागस नाही. हरिकेन पहिल्यांदा उडालं त्याच १९३५ साली ब्रिटनमध्ये आणखी एक विमान उडालं, पण माणसाशिवाय: डी हॅविलँडचं क्वीन बी. टायगर मॉथच्या घराण्यातलं, लाकडी धडाचं, जमिनीवरून किंवा जहाजावरून रेडिओने हाकायचं. ते कशासाठी? नौदलाच्या तोफचींना नेमबाजीच्या सरावाला चालतं लक्ष्य हवं होतं म्हणून. माणूस काढून टाकला तो पाडायची सोय व्हावी म्हणून. माझ्या गळ्यात पट्ट्याने लटकणारा ट्रान्समीटर त्या वंशातला. आज कुठल्याशा खोलीत बसून कुठल्याशा देशावर विमान हाकणारा माणूस माझ्याहून फार वेगळ्या काड्या हलवत नाही. खेळण्याने युद्धातून मरण वगळलं, आणि युद्धाने खेळण्याकडून वगळायची रीत उचलली. तिथे मरण फक्त एका बाजूचं वगळलं जातं.

विमान बांधून झालं की जोडणीचे दिवस येतात. हे काम बाहेरून कंटाळवाणं, करणाऱ्याला गोड. आधी तोल. पंखाखाली दोन्ही बाजूंना बोटं टेकवून विमान उचलायचं. पुढच्या कडेपासून पंखाच्या सरासरी रुंदीच्या पाव भागाच्या किंचित मागे ते आडवं राहिलं पाहिजे. नाक जड असलेलं विमान कुरकुरत का होईना उडतं, शेपटी जड असलेलं एकदाच उडतं. मग दिशा. विमानाच्या मागे उभं राहून ट्रान्समीटरची काडी उजवीकडे सारायची: उजवं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती पट्टी) वर, डावं खाली. मागे ओढायची: एलेव्हेटर (शेपटीची आडवी हलती पट्टी) वर. हे इतकं सोपं आहे की म्हणूनच मोठ्याने बोलत तपासायचं. सर बोलायला लावतातच. "उजवं?" "वर." "ओढ." "वर." मग हालचालीची मापं, या पट्ट्या हलवणाऱ्या प्रत्येक सर्व्होची, फूटपट्टी लावून मिलिमीटरमध्ये. एक्स्पो तीस टक्के, म्हणजे मध्याजवळ काडी मवाळ राहते आणि घाबरलेल्या बोटाचा धक्का विमानापर्यंत पोचत नाही. शेवटी फेलसेफ: पंखा काढून ठेवून ट्रान्समीटर बंद करायचा, मोटर थांबली पाहिजे.

वजन भरलं १ किलो ३९० ग्रॅम. सर समाधानाने काट्यासमोरून उठतच होते, तेवढ्यात त्यांना घुमटीच्या आत बसलेला वैमानिक दिसला. फोम कोरून केलेला, कातडी टोपी घातलेला, सात इंचांतला कमरेवरचा भाग तेवढा. वीस ग्रॅम.

"हा कशाला?"

"पायलट आहे, सर."

"ते दिसतंय. तो तोलबिंदूच्या मागे बसलाय. त्याच्यापायी नाकात शिसं किती वाढवलंस?"

"बारा-तेरा ग्रॅम."

सर काही बोलले नाहीत. काटा पिशवीत टाकला.

माळावर गेलो तो सकाळी, वारा सुटायच्या आत. विमान गवतावर ठेवून पंखांचे स्क्रू आवळत होतो, तेवढ्यात मेंढरं वळवायला आलेले एक बाबा काठीवर हात टेकून उभे राहिले. बराच वेळ त्यांनी नुसतं पाहिलं. मग वाकून काचेच्या आत डोकावले.

"ह्यो कोन बसलाय?"

"पायलट, बाबा."

"त्यो काय करतो?"

"काही नाही. नुसता बसून असतो."

"मंग आमच्या सरपंचावानीच की." आणि स्वतःच्याच विनोदावर ते खळखळून हसले.

हरिकेनची चाकं एकमेकांपासून लांब, आत मिटणारी. खडबडीत जमिनीला हे पाय बरे. जोर हळूहळू वाढवला, डाव्या ओढीला रडरने थोडी उजवी दिली, शेपटी उचलली गेली आणि मग पाय सुटले. दोन टिचक्या एलेरॉनला, एक एलेव्हेटरला, आणि ते सरळ जायला लागलं. उजवीकडे मोठं वळण घेताना सूर्याकडची बाजू उजळली आणि मागच्या धडावर कागदाखालच्या पट्ट्या लख्ख दिसल्या, अगदी जुन्या फोटोंत दिसतात तशा. दोन घारी चौकशी करायला आल्या आणि आपल्या जातीचं काही नाही असं बघून निघून गेल्या. उंचावर नेऊन जोर काढला, नाक वर धरलं, हार मानायची वाट पाहिली. पंखाचं मूळ आधी थकलं, टोकं टिकून राहिली, आणि विमान एका अंगावर न पडता सरळ खाली झुकलं. चार मिलिमीटरची ती पट्टी आठवली. उतरताना एक उडी मारून गवतात थांबलं, पंखा शाबूत.

बाबांनी पुन्हा आत डोकावून पाहिलं. "बसलाय तसाच की!" त्यांनी मेंढरांना हाळी दिली आणि गेले.

सरांनी बॅटरीचा व्होल्टेज तपासला, मोटरला हात लावून पाहिला. मग विमान दोन बोटांवर तोलून म्हणाले, "नाक अजून जरा जड वाटतंय. पाच ग्रॅम शिसं काढता येईल. आणि तो तुझा बसलेला माणूस काढलास तर अजून बारा-तेरा निघेल, वर त्याचे वीस."

"बाकी कुठूनही काढू, सर," मी म्हणालो. "त्याला बसू द्या."

"म्हणजे आधी हौस, मग वजन?"

"नाही सर. वजनच आहे ते."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि खिशातून पेन्सिल काढून चिठ्ठीवर नवा हिशोब मांडायला घेतला, वीस ग्रॅम धरून.